बटणावरची टोपी

मागच्या प्रकरणात आपण १७८९ च्या पॅरिसमध्ये होतो. तिथून आता थेट मांजरा नदीवर यायचे आहे, आणि त्याला निमित्त एका बटणाचे आहे.

१७९५ च्या सुरुवातीला निजाम अलीची फौज बिदरहून हलली आणि मांजरेच्या काठाकाठाने पश्चिमेकडे सरकू लागली. हत्ती, तोफा, जनानखाना, मागे बाजारबुणग्यांची रीघ. नदीच्या वळणावळणांचा हा मुलूख आज बराचसा लातूर जिल्ह्यात मोडतो. चौथाईच्या थकबाकीवरून पेशव्यांशी गाठ पडायची होती, ती ११ मार्चला खर्ड्याला पडली. मराठे सरदार एकदिलाने लढले अशी ही शेवटची मोठी लढाई, एवढे आपल्याला शाळेपासून माहीत असते. निजामाच्या बाजूने जे कवायती पायदळ त्या दिवशी पाय रोवून उभे राहिले, त्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही. ते अकरा हजारांच्या आसपास होते आणि त्यांचा सेनापती होता मिशेल जोकिम मारी रेमाँ नावाचा फ्रेंच माणूस. त्याच्या पलटणींवर फ्रेंच प्रजासत्ताकाचा तिरंगा फडकत होता आणि शिपायांच्या बटणांवर स्वातंत्र्याची टोपी कोरलेली होती. त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी हे मोठ्या धास्तीने लिहून ठेवले आहे.

टोपी म्हणजे रोमन काळात सुटका झालेला गुलाम घालायचा ती. पॅरिसच्या गोरगरिबांनी ती लाल रंगात डोक्यावर चढवली, आणि २० जून १७९२ रोजी राजवाड्यात घुसून सोळाव्या लुईलाही घालायला लावली. पुढे सात महिन्यांत त्याचे डोकेच राहिले नाही. राजाचे राजेपण उतरवणारी ही खूण आपल्याकडे आली ती निजामाच्या सैन्याच्या अंगरख्यावर बसून. ज्याच्या राज्यात ‘प्रजा’ या शब्दाला ‘रयत’ यापलीकडे अर्थ नव्हता, त्याच्याच रक्षणासाठी ती आली.

गंमत एवढ्यावर संपत नाही. समोरच्या बाजूला महादजी शिंद्यांनी उभारलेल्या कवायती पलटणी होत्या आणि त्यांचे नेतृत्व पेराँ करत होता. तोही फ्रेंचच. म्हणजे क्रांतीच्या देशात जन्मलेली माणसे दोन्हीकडे होती आणि भांडण चौथाईचे होते. तिकडे पॅरिसमध्ये त्या मार्चात पाव मिळत नव्हता, रोबेस्पिएरला जाऊन आठ महिने झाले होते आणि लोक क्रांतीलाच कंटाळू लागले होते.

रेमाँच्या फौजेचा पगार कुठून यायचा? निजामाने त्यासाठी मुलूख लावून दिला होता. त्या मुलखातला वसूल घ्यायचा आणि पलटणी पोसायच्या. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत सरदारांनी आणि धर्मगुरूंनी एकामागून एक उठून आपापले वतनी हक्क सोडले होते. गावावरचा कर, रयतेकडून फुकट काम, स्वतःचे न्यायालय, शिकारीचा हक्क, सगळे. जी व्यवस्था त्या रात्री तिकडे मोडीत निघाली, तिच्याच पैशावर इकडे स्वातंत्र्याची टोपी मिरवत होती. या प्रकरणभर हा धागा हातात ठेवा: जहागीर.

रेमाँ १७९८ च्या मार्चमध्ये वारला. हैदराबादकरांनी त्याला मूसा राम करून टाकले, मूसारामबाग ही वस्ती त्याच्याच नावाची. त्याच वर्षी १ सप्टेंबरला निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला आणि ऑक्टोबरात फ्रेंच पलटणींची हत्यारे काढून घेण्यात आली. शिपायांनी फारसा प्रतिकार केला नाही. त्यांना थकलेला पगार हवा होता. बटणांचे पुढे काय झाले, हे कुणी विचारले नाही.

या हकिगतीतून मी एवढेच घेतो की झेंडा, पोशाख आणि फ्रेंच माणूस एवढे सगळे मांजरेकाठी येऊनही विचार आला नाही. तो यायला आणखी सव्वाशे वर्षे लागली, आणि आला तेव्हा त्याच्या अंगावर कसलीच खूण नव्हती.

मधल्या काळात हैदराबाद संस्थान बदलले नाही असे नाही. संस्थानाचा दिवाण पहिल्या सालारजंगाने १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, पगारी तहसीलदार नेमले, महसुलाची घडी बसवली. युरोपातही त्याआधी प्रशियाचा फ्रेडरिक, ऑस्ट्रियाचा जोसेफ असे सुधारक राजे होऊन गेले होते. कारभार नवा, राजा जुना, आणि प्रजेला विचारायचे नाही. सालारजंगाची जातकुळी तीच. पण सुधारणा पोचली ती दिवाणी, म्हणजे थेट सरकारी कारभाराखालच्या, मुलखात. संस्थानाच्या दर दहा एकरांतले सुमारे चार एकर दिवाणीच्या बाहेर होते. त्यात पायगांचे (निजामाच्या खास सरदार घराण्यांचे), जहागीरदारांचे मुलूख आले आणि सर्फ-ए-खास, म्हणजे खुद्द निजामाची खाजगी दौलत. मोठ्या जहागीरदारांचे पोलीस वेगळे, कचेरी वेगळी, वसूल वेगळा. वेठ तर होतीच. जहागिरीतल्या शेतकऱ्याला हैदराबादच्या सुधारणेची बातमीसुद्धा ऐकायला मिळत नसे.

शेजारी पुण्यात मात्र विचार कधीचा येऊन बसला होता. जोतीराव फुल्यांनी १८४७ च्या सुमारास टॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. पेनने ते १७९१ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या बाजूने लिहिले होते. पुणे ते लातूर हे अंतर फार नाही. पण मध्ये सरहद्द होती. पलीकडे इंग्रजांचा मुलूख, अलीकडे निजामाचा. इकडे नाणे वेगळे (हाली सिक्का), टपालाचे तिकीट वेगळे, साल फसली, आणि मालावर जकात बसवायला करोडगिरीचे नाके. मुंबई इलाख्यात सरकारवर टीका केली तर खटला होई. इथे सभा घ्यायचीच तर आधी परवानगी, आणि ती देणाऱ्याची मर्जी. कारभार उर्दूत चाले. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर सगळे शिक्षण उर्दूतून दिले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे हे मोठे धाडस होते, त्याचे कौतुक व्हायलाच हवे. फक्त ती भाषा संस्थानातल्या बहुसंख्य घरांची नव्हती. मराठी मुलगा वरच्या वर्गात गेला की त्याची भाषा मागे राही.

सरहद्दीला पहिली फट पाडली ती व्यापाराने. कुर्डुवाडी-बार्शीची अडीच फुटी रुंदीची छोटी रेल्वे वाढत वाढत १९११ मध्ये लातूरला पोचली आणि लातूरचा बाजार फुगला. आजही गंजगोलाईत उभे राहिले की भोवतीने सोळा रस्ते फुटलेले दिसतात, एकेका रस्त्यावर एकेक धंदा. धान्य आणि गूळ त्या गाडीने बार्शीकडे जाई. उलट्या फेरीत माणसे येत आणि माणसांच्या पिशवीत सोलापूर-पुण्याची वर्तमानपत्रे येत. फ्रान्समध्ये विश्वकोशाचे खंड आणि बंदी असलेली पत्रके स्वित्झर्लंड-हॉलंडच्या सरहद्दीवरून चोरून येत, तसेच हे. राजे नाके बांधतात, आणि व्यापाऱ्याला नाक्याच्या पलीकडेच गिऱ्हाईक असते.

दुसरी फट पाडली शाळांनी. माझ्या मते मराठवाड्यातल्या क्रांतीचे खरे ठिकाण कुठलाही किल्ला किंवा मैदान नाही. ते हिप्परगा आहे. आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातल्या या खेड्यात १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. सरकारी मदत नाही, गाव आडबाजूचे. तिथे १९२९ मध्ये एक आजारातून उठलेला तरुण मुख्याध्यापक म्हणून आला. व्यंकटेश खेडगीकर. जन्म १९०३, सिंदगीचा. शिक्षण सोलापूर, अमळनेर, पुणे. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात एम.ए.ला त्यांनी लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहिला होता, आणि कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याजवळ राहून कामगार चळवळ पाहिली होती. म्हणजे इंग्लंडची पार्लमेंट, फ्रान्सचा जाहीरनामा आणि मुंबईचा गिरणीकामगार, तिन्ही डोक्यात घेऊन हा माणूस हिप्परग्याच्या पोरांपुढे उभा राहिला. १४ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले.

इथे जरा थांबायला हवे. युरोपात क्रांतीचा विचार वाढला तो धर्मसत्तेशी भांडून. व्होल्तेअरने आयुष्यभर चर्चवर कोरडे ओढले, आणि क्रांतीने चर्चच्या जमिनी जप्त केल्या. मराठवाड्यात तोच विचार भगव्या कफनीत आला. उदगीरचे भाई श्यामलाल आर्य समाजाचे. वकिली करणारे, धर्मसुधारणेतून राजकारणात आलेले. १९३८ च्या डिसेंबरात बिदरच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. आर्य समाजाने १९३८-३९ मध्ये केलेला सत्याग्रह मूळ धार्मिक हक्कांसाठीच होता. वेगवेगळ्या वाटांनी आलेली ही माणसे एकाच मागणीवर येऊन ठेपली. बोलू द्या, जमू द्या, शिकू द्या. पुस्तकात वाचताना ही मागणी पाश्चात्त्य वाटते. हवन करायलाही ज्याला परवानगी काढावी लागते, त्याला ती कुणी शिकवावी लागत नाही.

स्वामीजी १९३५ मध्ये मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला, योगेश्वरी शाळेत गेले. १९३७ मध्ये परतूरला संस्थानातल्या मराठी लोकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले आणि पुढच्याच वर्षी दुसरे लातूरला. फ्रान्समध्ये १७८९ च्या सभेपूर्वी गावोगावच्या लोकांनी गाऱ्हाण्यांच्या वह्या लिहून पाठवल्या होत्या. राजाला शिव्या नाहीत, उलट ‘मायबाप सरकार’ असाच सूर. परिषदेच्या ठरावांचा सूर तसाच. मातृभाषेतून शिक्षण द्या, सभाबंदी उठवा, जबाबदार राज्यपद्धती द्या, आणि हे सगळे निजामाच्या छत्राखाली चालेल. पण अर्ज लिहिणाऱ्याची भाषा अर्ज फेटाळला जाईपर्यंतच नम्र राहते. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. परिषदेतही मवाळ आणि जहाल अशी फूट पडली. कलकत्त्याला गणित शिकून आणि मार्क्स वाचून आलेले गोविंदभाई श्रॉफ जहालांत होते. त्याच वर्षी उस्मानियाच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून विद्यार्थ्यांची नावे काढली गेली. त्यातल्या बऱ्याच जणांना नागपूर विद्यापीठाने जागा दिली. पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक.

आता लातूरची दुसरी बाजू. ‘राज्य कुणाचे’ या प्रश्नावर रूसोने उत्तर दिले होते: लोकांचे. लोकांची इच्छा हेच सार्वभौमत्व, राजा असलाच तर नोकर. हा सिद्धान्त हैदराबादला पोचला, पण एका विचित्र रूपात. इत्तेहादुल मुसलमीन ही संस्थानातल्या मुसलमानांची संघटना १९२७ मध्ये स्थापन झाली. तिचे पुढारी बहादूर यार जंग यांच्या काळात तिने ‘अनल मलिक’चा विचार मांडला. राजा मी आहे, म्हणजे संस्थानातला प्रत्येक मुसलमान सार्वभौम आहे आणि निजाम हे त्या सत्तेचे फक्त प्रतीक. नीट पाहिले तर हा राजेशाहीवरचाच घाव आहे. सत्ता राजाकडून काढून लोकांना दिली, फक्त लोकांची व्याख्या सुमारे आठव्या हिश्शापुरती केली. गरीब टांगेवाल्यालाही आपण राज्यकर्ते आहोत असे वाटायला लावणारी ही कल्पना होती, म्हणून ती इतकी पेटली. पुढे रझाकारांचा, म्हणजे इत्तेहादच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, सेनानी झालेला कासिम रझवी हा लातूरचा वकील. गंजगोलाईच्या गावात वकिली करता करता तो निजामापेक्षा मोठ्या आवाजात बोलू लागला. शेवटी निजामालाच त्याची भीती वाटू लागली, आणि सिद्धान्ताप्रमाणे ते बरोबरच होते.

तिसरा आवाज लातूर-बार्शी लाइनवरच्याच एका गावात उठला. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला कसबे तडवळ्यात महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि तिला बाबासाहेब आंबेडकर आले. फ्रान्समध्ये वतन म्हणजे वरच्यांचा विशेष हक्क होता. इथे वतन खालच्यालाही होते, आणि त्याचा अर्थ होता चार दाण्यांच्या बलुत्यावर गावाचे ढोर ओढायचे, निरोप पोचवायचे आणि मान खाली ठेवायची. ४ ऑगस्टच्या रात्री कुणाला हे सोडायचे सुचले नसते, कारण तिथल्या सभेपुढे असा गुलाम नव्हताच. सुचले ते महाडला. २५ डिसेंबर १९२७ च्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्या परिषदेची तुलना १७८९ मध्ये व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच सभेशी केली होती. इथली सभाही एका समाजाची नवी घडी बसवायला जमली आहे, असा त्यांचा दावा होता. पुढे ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणी भाषणात मात्र त्यांनी स्पष्ट केले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच क्रांतीकडून उसनी घेतलेली नाही, ती बुद्धाकडून घेतली आहे. या दोन विधानांत मला विसंगती दिसत नाही. पहिल्यात मोजमाप आहे, दुसऱ्यात मालकी.

मग १९४८. रझाकारांचे अत्याचार वाढले, मे महिन्यात बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याला कत्तल झाली, हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून सोलापूरकडे गेली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. आपल्याकडे मुक्तिसंग्रामाची गोष्ट इथे झेंडा चढवून थांबते. थांबू नये. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती संस्थानात फिरली. मुसलमानांवरच्या सूडाची सर्वांत मोठी झळ ज्या जिल्ह्यांना लागली, त्यांत उस्मानाबाद, नांदेड आणि बिदर होते, आणि अहवालात लातूरचे नाव ठळक आहे. रझवीचे गाव, कच्छी व्यापाऱ्यांची श्रीमंत पेठ. तिथे कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली, हजारावर माणसे मारली गेली, आणि दहा हजारांच्या मुसलमान वस्तीतले जेमतेम तीन हजार समितीला गावात सापडले. सबंध संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार मेले, असा समितीचा अंदाज होता. अहवाल कित्येक दशके दाबून ठेवला गेला. पॅरिसमध्ये १७९२ च्या सप्टेंबरात जमावाने तुरुंग फोडून हजारांहून अधिक कैदी कापले होते. फ्रेंच लोक आपल्या क्रांतीच्या इतिहासात तो महिना शिकवतात. लातूरच्या शाळेत या वीस दिवसांचा धडा कुठल्याच इयत्तेला नाही. त्रयीतला तिसरा शब्द नेहमी मागे पडतो तो असा.

उरली जहागीर. ती गेली १५ ऑगस्ट १९४९ रोजी. व्हर्सायला झाली तशी रात्रभर रडारड आणि टाळ्या नाहीत. लष्करी गव्हर्नर मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या प्रशासनाने नियम काढला, साल फसली १३५८, आणि शतकांची व्यवस्था कारकुनी भाषेत बंद झाली. राजालाही कुणी हात लावला नाही. निजाम १९५६ पर्यंत राजप्रमुख म्हणून बसला, तनखा घेत राहिला. एका बाबतीत मात्र आपण फ्रान्सच्या पहिल्या पावलावरच थांबलो. १७८९ मध्ये तिथेही ठरले होते की जमिनीवरचे बरेच हक्क शेतकऱ्याने पैसे भरून सोडवून घ्यावेत. शेतकऱ्यांनी पैसे भरायचे नाकारले, वाडे जाळले, आणि जुलै १७९३ मध्ये सरकारला भरपाईशिवाय सगळे रद्द करावे लागले. इथे जहागीरदारांना भरपाई मिळाली, हप्त्याहप्त्याने, सरकारी तिजोरीतून.

दुसऱ्या बाबतीत आपण फ्रान्सच्या फार मागे नव्हतो. १९५२ ला संस्थानात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. निलंग्याची शेतमजूर बाई आणि हैदराबादचा नवाब, दोघांना एकेक मत. फ्रान्समधल्या बाईला पहिल्यांदा मत टाकता आले ते एप्रिल १९४५ मध्ये, म्हणजे मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. स्वित्झर्लंडच्या बाईला देशाच्या निवडणुकीत मत मिळायला १९७१ उजाडले.

जमिनीचा हिशेब मतासारखा सोपा नव्हता. १९५० च्या हैदराबाद कुळकायद्याने जमीन कसणाऱ्याला ‘संरक्षित कूळ’ म्हणून नोंदवले. जमिनीवरून उठवता येणार नाही, योग्य किंमत दिली तर मालक होता येईल. अर्थशास्त्रज्ञ ए. एम. खुस्रो यांनी जुन्या जहागिरी भागांत फिरून पाहिले, तेव्हा नोंद होऊन चार-पाच वर्षे झाली होती आणि निम्म्याहून कमी कुळे जागेवर उरली होती. साधारण आठव्या हिश्शाने जमीन विकत घेतली. पाचव्या हिश्शाहून जास्त कुळांना बेकायदा हुसकावले गेले. आणि आणखी कितीतरी जणांनी स्वखुशीने जमीन सोडली, असे कागद म्हणत होता. पाटील-सावकाराच्या ओट्यावर बसून दिलेला राजीनामा किती खुशीचा असतो, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. लातूर, औसा, उदगीरच्या तहसील कचेऱ्यांत आजही जुन्या जमिनीचा वाद निघाला की वकील १९५४ चे खासरा पत्रक मागतो. त्यात शेत कुणाचे आणि कसतो कोण, हे दोन रकाने वेगवेगळे आहेत. बरेच दावे त्या दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर अजून चालू आहेत.